शिक्षा बघून व्याख्या ठरवली तर: नागपूरच्या एका पॉक्सो अपिलाचा प्रवास

‘स्किन टू स्किन’ (त्वचेला त्वचा लागली तरच लैंगिक हल्ला, असा अर्थ) हे शब्द जानेवारी २०२१ मध्ये बातम्यांमध्ये इतके वाजले की त्यामागचा खटला नेमका काय होता, कोणत्या कोर्टाने काय मानलं आणि काय नाकारलं हे बहुतेकांच्या लक्षातच राहिलं नाही. आजही कुणाला विचारलं तर उत्तर येतं की मुंबई हायकोर्टाने त्या मुलीवर विश्वास ठेवला नाही. असं झालेलं नाही. हायकोर्टाने मुलीने सांगितलेलं खरं मानलं, तिच्या आईचंही खरं मानलं, आणि तरीही पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या) कलमातून आरोपीला मोकळं केलं. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, आणि अपिलात पुरावा कसा तपासला जातो, शिक्षा कशी ठरते हे समजून घ्यायचं असेल तर यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक आधीच सांगतो, यात मुलीचं नाव, घर, वस्ती काहीच येणार नाही. पॉक्सोच्या कलम २३ ने नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा इतकंच काय शेजारपाजारसुद्धा छापायला बंदी घातलेली आहे, आणि लोक नाव टाळतात पण गल्ली सांगून टाकतात, ते तितकंच चुकीचं आहे. आरोपीचंही नाव लिहीत नाही, इथे त्याची गरज नाही.

तर घटना. १४ डिसेंबर २०१६, नागपूर. मुलगी १२ वर्षांची. पेरू देतो असं सांगून एक माणूस तिला स्वतःच्या घरी घेऊन गेला. बराच वेळ मुलगी दिसेना म्हणून आई शोधायला निघाली, तेव्हा शेजारणीने सांगितलं की तो तिला घेऊन गेलाय. आई त्याच्या घरी पोचली तर तो वरच्या मजल्यावरून खाली येत होता. माझी मुलगी कुठे आहे विचारलं तर इथे नाही म्हणाला. आईने ऐकलं नाही, ती थेट वर गेली. वरच्या खोलीला बाहेरून कडी होती, कडी काढली तर आत मुलगी रडत उभी. तिने तिथल्या तिथे आईला सांगितलं की त्याने छाती दाबली, सलवार काढायचा प्रयत्न केला, आणि ती ओरडली तेव्हा हाताने तोंड दाबलं. आई तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेली आणि फिर्याद दिली.

ही बाहेरून लावलेली कडी लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी चर्चा कपड्याभोवती फिरते आणि ही कडी कुणाला आठवत नाही. पुरावा म्हणून बघितलं तर ती फार मोठी गोष्ट आहे. मूल एका खोलीत, दाराला बाहेरून कडी, आणि घरातला माणूस आईला सांगतोय की मुलगी इथे नाही. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की त्याच्या मनात काय होतं हे वेगळं सिद्ध करायला फारसं काही उरत नाही.

खटला नागपूरच्या विशेष न्यायालयात चालला. पॉक्सोचं कलम ८ (कलम ७ मधल्या लैंगिक हल्ल्याची शिक्षा) होतं, सोबत आयपीसीची (भारतीय दंड संहिता, जी १ जुलै २०२४ पासून रद्द झाली) विनयभंगाचं ३५४, कोंडून ठेवण्याचं ३४२ आणि पळवून नेण्याचं ३६३ ही कलमं होती. ५ फेब्रुवारी २०२० ला निकाल लागला, आरोपी दोषी ठरला. कलम ८ खाली ३ वर्षं सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड, दंड नाही भरला तर आणखी १ महिना. कलम ८ मध्ये कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं आहेत, म्हणजे ट्रायल कोर्टाने दिली ती कायद्यातली सगळ्यात कमी शिक्षा होती, त्यात कुठेही अतिरेक नव्हता. (मुलीचं वय १२ पेक्षा कमी धरलं गेलं असतं तर गंभीर लैंगिक हल्ल्याचं कलम ९ आणि १० लागलं असतं, मग किमान ५ वर्षं. वयाच्या पुराव्याला या केसेसमध्ये किती वजन असतं ते इथे कळतं.)

जाता जाता एक. कलम ३५ म्हणतं की विशेष न्यायालयाने शक्यतो दखल घेतल्यापासून एका वर्षात खटला संपवावा. इथे घटनेपासून निकालापर्यंत तीन वर्षांहून जास्त गेली. शाळकरी वयातल्या मुलीची तीन वर्षं म्हणजे काय ते कुठल्याही घरात विचारा.

आता अपील. दोषी ठरलेल्या माणसाला सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३७४ खाली हायकोर्टात जायचा हक्क होता (१ जुलै २०२४ पासून हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१५ झालंय). हे पहिलं अपील असतं आणि त्यात हायकोर्ट सगळा पुरावा नव्याने तपासू शकतं, नुसता कायद्याचा मुद्दा नाही तर साक्षसुद्धा. पण नव्याने म्हणजे साक्षीदार परत उभे करून नाही. हायकोर्टासमोर येतं ते पेपरबुक. टाईप केलेली साक्ष, पंचनामे, ट्रायल कोर्टाचं जजमेंट. मुलगी कशी बोलली, कुठे थांबली, कुठे तिला रडू आलं हे त्या कागदात नसतं. म्हणून वर्षानुवर्षं वरची कोर्टं सांगत आलीत की साक्षीदाराला डोळ्यासमोर बघितलेल्या कोर्टाचं मत सहज बाजूला सारू नका. लहान मुलाच्या साक्षीबद्दलही हेच. १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की साक्ष विश्वासार्ह असेल तर एकट्या लहान मुलाच्या साक्षीवरही शिक्षा टिकू शकते, फक्त कुणी पढवलेलं नाही ना हे नीट बघा.

या केसमध्ये तेवढं ताणायचीसुद्धा गरज नव्हती. मुलीची साक्ष होती, आईची साक्ष होती, आणि आईला मुलीने सांगितलं ते दार उघडल्या क्षणी सांगितलं होतं, दोन दिवस विचार करून नाही. अशा लगेच उमटलेल्या बोलण्याला पुरावा कायद्यात वजन आहे. उलटतपासणीतून बचाव पक्षाला हे मोडता आलं नाही. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानेही, म्हणजे न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांच्या एकल पीठाने, घटना घडली हे मान्य केलं. इथपर्यंत खालच्या आणि वरच्या कोर्टात काहीच मतभेद नाही.

मतभेद त्यानंतर सुरू होतो. १९ जानेवारी २०२१ च्या निकालात हायकोर्टाने म्हटलं की या गुन्ह्याला कायद्याने कडक शिक्षा ठेवलीय, त्यामुळे पुरावाही जास्त कडक लागेल आणि आरोपही जास्त गंभीर लागेल. मग पुढची पायरी अशी की मुलीचा टॉप काढला होता का, किंवा त्याने टॉपच्या आत हात घातला होता का, याबद्दल नेमकी माहिती साक्षीत नाही, ती नसल्यामुळे त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला असं म्हणता येत नाही, म्हणून हा कलम ७ मधला लैंगिक हल्ला होत नाही. मग काय होतं, तर कलम ३५४, स्त्रीचा विनयभंग. त्यात १ वर्ष सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड, आणि ३४२ खाली ६ महिने. ३ वर्षांचं १ वर्ष झालं, आणि ३५४ मध्येही १ वर्ष हीच किमान शिक्षा होती.

मला वाटतं या निकालातली चूक समजायची तर तो मागून पुढे वाचावा लागतो. फौजदारी अपिलात क्रम ठरलेला आहे. आधी बघायचं काय घडलं हे सिद्ध झालं का, मग सिद्ध झालेलं कुठल्या व्याख्येत बसतं, आणि सगळ्यात शेवटी, त्या कलमाच्या हद्दीत शिक्षा किती. इथे शिक्षा पहिल्या पायरीवर येऊन बसली. शिक्षा कडक आहे म्हणून व्याख्या आवळली, आणि व्याख्या आवळली म्हणून पुराव्यात एक भोक तयार झालं जे आधी नव्हतंच. टॉप काढला होता का हा प्रश्न ट्रायलला कुणी विचारला नाही कारण कायद्यात तो प्रश्नच नव्हता. सरकारी वकील काय, बचावाचे वकील काय, जज काय, कुणालाच तो महत्त्वाचा वाटला नाही. आणि मग अपिलात, एका नव्या व्याख्येच्या उजेडात, न विचारलेल्या प्रश्नाचं न दिलेलं उत्तर मुलीच्या विरोधात मोजलं गेलं.

कलम ७ चं वाक्य जरा हळू वाचून बघा, म्हणजे लक्षात येईल. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणतो की जो कोणी लैंगिक हेतूने मुलाच्या किंवा मुलीच्या शरीराच्या अमुक अवयवांना स्पर्श करेल, त्यात छातीचा उल्लेख सरळ आहे, किंवा मुलाला स्वतःच्या वा दुसऱ्याच्या त्या अवयवांना स्पर्श करायला लावेल. दुसरा भाग म्हणतो, किंवा लैंगिक हेतूने दुसरं कुठलंही असं कृत्य करेल ज्यात प्रवेश नाही पण शारीरिक संपर्क आहे. ‘शारीरिक संपर्क’ हे शब्द फक्त दुसऱ्या भागात आलेत. पहिल्या भागात फक्त ‘स्पर्श’ आहे आणि अवयवांची नावं आहेत. नागपूरची केस पहिल्या भागातली आहे. म्हणजे शारीरिक संपर्क म्हणजे काय यावर वाद घालायचा तरी तो या केसमध्ये घालायचं कारण नव्हतं. आणि दोन्हीपैकी कुठल्याही भागात त्वचा हा शब्द नाही, कपडा हा शब्द नाही. जो शब्द दोन्ही भागांत आहे तो म्हणजे लैंगिक हेतू.

आणि हेतूबद्दल कायद्याने जे करून ठेवलंय ते तर हायकोर्टाच्या म्हणण्याच्या अगदी उलट्या दिशेला जातं. कलम २९ म्हणतं की ३, ५, ७ आणि ९ या कलमांखाली खटला चालू असेल तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत कोर्टाने गुन्हा केला असं गृहीत धरायचं, कलम ३० म्हणतं की आरोपीच्या मनात तसा हेतू होता हेही गृहीत धरायचं आणि नव्हता हे त्याने शंकेपलीकडे सिद्ध करायचं. अर्थात याचा अर्थ सरकारी पक्षाला काहीच करावं लागत नाही असा नाही, मूळ घटना तर त्यांनाच सिद्ध करावी लागते आणि बहुतेक हायकोर्टं हेच सांगत आलीत, नाहीतर कुणावरही आरोप केला की संपलं असं होईल. पण मूळ घटना सिद्ध झाल्यावर ‘कडक शिक्षा म्हणून कडक पुरावा’ अशी तिसरी पायरी कायद्यात कुठेही नाही. फौजदारी कायद्यात पुराव्याची पातळी एकच, वाजवी शंकेपलीकडे. ५०० रुपये दंडाच्या गुन्ह्यालाही तीच आणि जन्मठेपेलाही तीच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या निकालाचा पुढच्या मुलांवर काय परिणाम झाला असता याची. कलम ३३ प्रमाणे पॉक्सोच्या खटल्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते जजकडे देतात आणि जज मुलाला विचारतात. आक्रमक प्रश्न नको, चारित्र्यावर प्रश्न नको, परत परत कोर्टात बोलावू नको, आणि कलम ३६ प्रमाणे साक्ष देताना मुलाला आरोपी समोर दिसू नये. एवढी काळजी घेऊन बनवलेली व्यवस्था. आता कल्पना करा की त्वचेला त्वचा लागली हे सिद्ध करणं सक्तीचं झालंय. मग प्रत्येक केसमध्ये, सहा वर्षांच्या मुलालासुद्धा, जजला विचारावं लागणार की हात कपड्याच्या वर होता की आत, किती आत, नक्की का. आणि मूल गोंधळलं, नुसतं ‘माहीत नाही’ म्हणालं, तर तेवढ्यावर आरोपी सुटणार. मुलाला स्पर्शाची भीती आठवते, कपड्याचा थर आठवेलच असं नाही.

३५४ खाली शिक्षा दिलीच ना मग काय बिघडलं, असंही बऱ्याच जणांनी तेव्हा लिहिलं होतं. तीन गोष्टी बिघडल्या असं मला वाटतं. ३५४ चा गुन्हा फक्त स्त्रीविरुद्ध होतो, मुलगा असता तर हे कलम लागलंच नसतं आणि त्याच्या हातात जवळजवळ काहीच उरलं नसतं, पॉक्सोचा कायदा मात्र मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. दुसरं म्हणजे २९ आणि ३० ची गृहीतकं ३५४ ला लागत नाहीत. आणि तिसरी मला तर्काच्या दृष्टीने सगळ्यात जास्त खटकते: ३५४ साठी हल्ला किंवा बळाचा वापर लागतो आणि विनयभंगाचा हेतू किंवा जाणीव लागते. म्हणजे त्याच हाताने, त्याच क्षणी, त्याच कपड्यावरून केलेली कृती ३५४ साठी बळ ठरली, हेतूही ठरला, आणि पॉक्सोसाठी तीच स्पर्श ठरली नाही. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाही.

आता शिक्षेचं गणित बघा, कारण मला वाटतं मूळ दुखणं तिथे आहे. कलम ८ मध्ये किमान ३ वर्षं आहेत. किमान शिक्षा असलेल्या कलमात हायकोर्टाला त्याखाली जाता येत नाही, कितीही दया आली तरी. आरोपीच्या अपिलात हायकोर्ट शिक्षा वाढवू शकत नाही, कमी करू शकतं, दोष कायम ठेवून शिक्षेचं स्वरूप बदलू शकतं, हे सगळं सीआरपीसीच्या कलम ३८६ मध्ये आहे, आता नव्या संहितेत ४२७. पण हे सगळं त्या कलमाच्या किमान-कमाल चौकटीत. मग ३ वर्षं जास्त वाटत असतील तर एकच रस्ता उरतो, कलमच बदलायचं. न्यायाधीशाच्या मनात नेमकं काय होतं हे मला सांगता येणार नाही आणि मी सांगणारही नाही, पण निकालपत्रात स्वतःच लिहिलंय की शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्याच्या प्रमाणात हवी हे फौजदारी न्यायाचं मूळ तत्त्व आहे, आणि ते वाक्य व्याख्येच्या चर्चेत येतं, शिक्षेच्या चर्चेत नाही. तत्त्व खरं आहे. जागा चुकीची आहे. प्रमाण किती हवं ते संसदेने २०१२ मध्ये ३ ते ५ असं ठरवून दिलं, आणि त्या ३ ते ५ मध्ये कुठे थांबायचं एवढंच कोर्टाच्या हातात ठेवलं.

चारच दिवस आधी, १५ जानेवारी २०२१ ला, त्याच पीठाने गडचिरोलीच्या एका अपिलात असाच निकाल दिला होता, तो कमी लोकांना माहीत आहे. तिथे मुलगी ५ वर्षांची, खालच्या कोर्टाने कलम १० खाली ५ वर्षं दिलेली. हायकोर्ट म्हणालं की हात धरणं आणि पॅन्टची चेन उघडी असणं हे लैंगिक हल्ल्यात बसत नाही, आणि शिक्षा जेलमध्ये आधीच काढलेल्या मुदतीवर आणली. ही केस मात्र कलम ७ च्या दुसऱ्या भागातली होती, जिथे ‘दुसरं कुठलंही कृत्य’ आणि ‘शारीरिक संपर्क’ हे शब्द आहेत. हात धरणं हा संपर्कच आहे, प्रश्न फक्त हेतूचा उरतो आणि तो त्या परिस्थितीत स्पष्ट होता. दोन्ही केसेस पुढे एकत्र सुप्रीम कोर्टात गेल्या हे बरं झालं, त्यामुळे कलमाचे दोन्ही भाग एकदाच साफ झाले.

सुप्रीम कोर्टात गोष्ट फार वेगाने हलली. २७ जानेवारी २०२१ ला, म्हणजे निकालानंतर आठच दिवसांत, ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल स्वतः उभे राहिले आणि सांगितलं की हा निकाल धोकादायक पायंडा पाडेल. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने कलम ८ मधून सुटकेला स्टे दिला. स्वतः बोबडे नागपूरचेच. पुढे राष्ट्रीय महिला आयोग आला, महाराष्ट्र सरकारही आलं. देशाच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याने एका खासगी आरोपीच्या फौजदारी केसमध्ये स्वतः अपील करावं हे सहसा होत नाही, सहसा राज्य सरकार करतं.

आरोपीची बाजू कमकुवत मांडली गेली असंही नाही. सुप्रीम कोर्टाच्या विधी सेवा समितीतर्फे ज्येष्ठ वकील सिद्धार्थ लुथ्रा त्याच्यासाठी उभे राहिले, तर महिला आयोगासाठी त्यांच्या सख्ख्या बहीण गीता लुथ्रा, आणि सिद्धार्थ दवे न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारे वकील) होते. बचावाचा मुद्दा ऐकण्यासारखा होता: दंड देणारा कायदा काटेकोर वाचायचा असतो आणि दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यायचा. हे तत्त्व खरंच आहे आणि ते असायलाच हवं, आज या आरोपीला लागतं उद्या कुणा निरपराधाला लागेल. पण त्यासाठी आधी दोन अर्थ खरंच निघायला हवेत. ॲटर्नी जनरल यांनी एकच उदाहरण दिलं: उद्या एखाद्याने सर्जिकल ग्लोव्ह्ज घालून मुलाच्या शरीराला हात लावला तर हायकोर्टाच्या व्याख्येप्रमाणे तो लैंगिक हल्लाच नाही. या उदाहरणाला मला तरी उत्तर सुचत नाही.

१८ नोव्हेंबर २०२१ ला न्यायमूर्ती उदय लळित, एस. रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांच्या पीठाने निकाल दिला. मुख्य निकाल न्यायमूर्ती त्रिवेदींनी लिहिला, न्यायमूर्ती भट यांनी सहमतीचा वेगळा निकाल जोडला. गाभा असा की कलम ७ मधला सगळ्यात महत्त्वाचा घटक लैंगिक हेतू आहे, त्वचेचा स्पर्श नाही. स्पर्श हा शब्द त्वचेपुरता आखडून घेतला तर तो अर्थ संकुचित होतोच, शिवाय हास्यास्पद होतो, कारण मग ज्या मुलांसाठी कायदा केला त्यांनाच तो पोचत नाही. कायद्याचा अर्थ असा लावायचा की कायदा जिवंत राहील, त्याचा जीव जाईल असा नाही. आणि शब्द स्पष्ट असताना कोर्टाने त्यात संदिग्धता शोधत बसू नये, आरोपीला झुकतं माप देण्याचा नियम खरी संदिग्धता असेल तिथेच लागतो. न्यायमूर्ती भट यांनी कलमाचे दोन भाग वेगळे करून दाखवले आणि सांगितलं की साध्या शब्दांना एवढं ताणणं की कायदाच नाहीसा व्हावा हे न्यायाधीशाचं काम नाही.

आणि मग शिक्षा. नागपूरच्या आरोपीला कलम ८ खाली परत ३ वर्षं सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड, म्हणजे विशेष न्यायालयाने दिलेली तीच. गडचिरोलीत कलम १० खाली ५ वर्षं. सुप्रीम कोर्टाने एक दिवसही वाढवला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बाहेर तेव्हा वातावरण फार तापलेलं होतं, फाशी द्या इथपर्यंत लोक बोलत होते, आणि कोर्टाने त्यातलं काही ऐकलं नाही, व्याख्या सरळ केली आणि कायद्यातली किमान शिक्षा दिली. तीन कोर्टं झाली आणि तिघांनीही आपापल्या कलमातली किमान शिक्षाच दिली, फरक फक्त कलमाचा.

आता यावरून किमान शिक्षांबद्दल सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही. पॉक्सोमध्ये किमान शिक्षा खरोखर काही ठिकाणी अन्याय करते, विशेषतः जिथे १७ वर्षांची मुलगी आणि तिच्याहून थोडा मोठा मुलगा पळून गेलेत, पुढे लग्न झालंय, मूल आहे, अशा केसेसमध्ये. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४ ची (प्रवेशासह लैंगिक हल्ला) किमान शिक्षा ७ वरून १० वर्षं झाली, १६ खालच्या मुलांसाठी २० वर्षं. कोर्टाच्या हातात काही उरतच नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पश्चिम बंगालच्या अशाच एका केसमध्ये दोष कायम ठेवला पण राज्यघटनेच्या कलम १४२ चे (पूर्ण न्यायासाठी फक्त सुप्रीम कोर्टाला असलेले) अधिकार वापरून आरोपीला जेलमध्ये पाठवलं नाही, कारण पीडितेलाच त्याचा जास्त त्रास झाला असता. मी हे उदाहरण मुद्दाम देतोय. तिथे शिक्षा जड वाटली तर कोर्टाने ते उघड लिहिलं, गुन्हा झाला हे तसंच ठेवलं, आणि फक्त शिक्षेपुरता मार्ग काढला. हायकोर्टाकडे कलम १४२ नाही हे खरं, पण किमान शिक्षा जास्त आहे असं वाटतं तर तसं निकालात लिहून संसदेच्या नजरेला आणता येतं. घडलेल्या गोष्टीचं नाव बदलता येत नाही. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाचा एक आदेश आला, त्यातही लहान मुलीच्या बाबतीत छातीला हात लावणं आणि नाडी तोडणं हा बलात्काराचा प्रयत्न होत नाही असं म्हटलं होतं, त्याला सुप्रीम कोर्टाने नऊ दिवसांत स्टे दिला. तो आदेश समन्सच्या टप्प्यावरचा, कलमंही वेगळी, पण वाचताना मला नागपूरचाच निकाल आठवत होता, तसंच कृतीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा ठेवून हा पुरेसा नाही म्हणायचं.

तुकडे न करता बघितलं तर नागपूरच्या पेपरबुकात सगळं पहिल्या दिवसापासून होतं. पेरूचं आमिष, वरची खोली, तोंडावर दाबलेला हात, बाहेरून लावलेली कडी, आणि इथे नाही म्हणून आईला परत पाठवायचा प्रयत्न. डिसेंबर २०१६ मध्ये १२ वर्षांच्या असलेल्या मुलीचं वय शेवटचा निकाल लागेपर्यंत १७ च्या आसपास गेलं होतं. मधल्या दोन्ही अपिलांत तिला परत काहीही विचारावं लागलं नाही, कारण तिने खालच्या कोर्टात जे सांगितलं होतं त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.